अव्वांच्या माठातले पाव्हणे

आमच्या सासरी पाणी प्यायच्या आधी ते बघायची रीत आहे. गाळायची नाही, उकळायची नाही, फक्त बघायची. पाणवठ्यावरच पहिला तांब्या उजेडाकडे धरायचा, तळाशी मोहरीएवढं काही काळं दिसतंय का ते पाहायचं, आणि दिसलं तर ते हलतंय का तेही पाहायचं. हललं, तर पाणी चांगलं. जगातली बाकीची माणसं पाण्यात किडा दिसला की पाणी ओतून देतात. आमच्यात दिसला नाही तर ओततात. लग्न ठरवताना माझ्या माहेरच्यांनी शेती पाहिली, मुलाची नोकरी पाहिली, घराचं छप्परसुद्धा पाहिलं. पाण्याचा विषय काही कुणी काढला नाही.

गाव संतपूरच्या पलीकडे, माळावर. उन्हाळ्यात तिकडे धूळ सोडून काही उगवत नाही. बोअर आटतात, नाले तर होळीलाच कोरडे पडतात. पण माळाच्या कडेला तांबडा खडक आहे आणि त्याच्या पोटातून एक झिरा येतो. झिरा म्हणजे काय, दोन पराती शेजारीशेजारी ठेवल्या तर झाकला जाईल एवढा. तो मात्र आटत नाही. त्यातच या गोगलगायी राहतात. पावसात अंगणात फिरतात त्या बोटभर चिकट गोगलगायी नव्हेत. या मोहरीच्या दाण्याएवढ्या, काळपट, पाठीवर शंख, आणि शंखाला चक्क दार. भ्यायल्या की आत जाऊन दार लावून घेतात. झिऱ्यापासून वीस पावलांवर विहीर आहे, तीत एकही नाही. आमच्या ह्यांनी लहानपणी दोनदा नेऊन सोडून पाहिल्या, राहिल्या नाहीत. त्यांना तोच झिरा लागतो, तेच पाणी, तोच खडक. सासरच्या माणसांचे हट्ट कुठून आले असतील, हे मला झिरा पाहिल्यावर थोडंफार कळलं.

घागरीबरोबर कधी एखादी गोगलगाय घरी आली, तर तिला पाव्हणा म्हणतात. पाव्हण्याला मोरीत टाकायचं नाही. जिच्या घागरीतून तो आला, तिनेच त्याला पायी झिऱ्यावर पोचवून यायचं, आणि तोवर तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही. हा नियम माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अव्वांनी, मला पहिल्याच दिवशी शिकवला. त्यांच्या घरात मराठी आणि कन्नड एकाच ताटात वाढलेली, त्यामुळे त्यांना सगळा गावच अव्वा, म्हणजे आई, म्हणतो.

मी उदगीरची, नळाच्या पाण्यावर वाढलेली. नव्या नवरीने झिऱ्यावरून पहिली घागर आणायची म्हणून आणली. डोक्यावरून उतरवली, पेलाभर ओतून घेतलं, तोंडाला लावणार तर पेल्यात काहीतरी चालत होतं. मी किंचाळले आणि पेला अंगणात भिरकावला. घरात लग्नाची माणसं, चुलीवर हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, रटरटत होती, आणि मी सकाळपासून उपाशी. अव्वा बाहेर आल्या. ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "शोध."

मी नव्या शालूत अंगणभर रांगले. हुग्गीचा वास नाकात, पोटात कावळे, आणि डोळ्यांसमोर नुसती माती. अर्ध्या तासाने मोरीच्या कडेला एक काळा ठिपका सापडला. तो बोटाच्या टोकावर घेऊन मी झिऱ्याकडे निघाले, मागे अव्वा. खरं सांगते, तो पाव्हणा आहे की चुलीचं काजळ, याची मला स्वतःलाच खात्री नव्हती. पाण्यात सोडायच्या आधी अव्वांनी माझं बोट धरून जवळ घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. तेव्हा त्यांची नजर अशी होती, की शेजारच्या शेतातल्या तुरीवरची अळी त्या बांधावरून मोजायच्या. "व्हय," त्या म्हणाल्या. "सोड. चल, जेव आता." त्यांनीच हो म्हटल्यावर माझी शंका मिटली. त्या दिवशी मी तीन वाट्या हुग्गी खाल्ली.

याला बावीस वर्षं झाली. ह्यांची नोकरी गुलबर्ग्याला, एका कचेरीत, म्हणून आम्ही तिकडे राहतो. अव्वा गावी एकट्या, आणि एकट्या म्हणजे मालक. मधल्या काळात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू कधी उतरला ते आम्हाला कळलं नाही, कारण त्यांनी कळू दिलं नाही. त्यांना सगळं तोंडपाठ होतं. कोणती फरशी हलते, कोणत्या खुंटीला काय टांगलंय, चहाची बरणी कुठली. पण मागच्या दिवाळीत त्यांनी वाळत घातलेल्या गोधडीला "आत ये की, उभी कामून?" असं म्हटलं. संक्रांतीला बुजगावण्याला दम दिला. आणि शेवटी आमच्या ह्यांना, स्वतःच्या पोटच्या पोराला, "शिलिंडर तिकडं ठिव" असं सांगितलं. हे खांद्यावर बॅग घेऊन नुकतेच आत आले होते. त्यांनी बॅग तिकडं ठेवली.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी स्वच्छ सांगितलं, की उजवा डोळा कामातून गेल्यातच जमा आहे, डाव्याचा मोतीबिंदू पिकून घट्ट झालाय; आता लवकर केलं तर हा डोळा वाचेल, पावसाळ्यापर्यंत थांबलात तर मी हात लावणार नाही. म्हणजे आधी पाचसहा दिवस साखर आटोक्यात आणायची, मग ऑपरेशन, मग आठवडाभर थेंब. पंधरा दिवस गुलबर्ग्यात राहायला हवं.

"न्हाई," अव्वा म्हणाल्या.

"अव्वा, दिसणार नाही तुला मग," हे म्हणाले.

"दिसू नको. पाहिलं की सत्तर वरीस."

त्यांची अडचण डोळ्यांची नव्हतीच. अडचण आमच्या नळाची होती. पूर्वी त्या दोनदा आमच्याकडे आल्या होत्या आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पिशवी भरून दारात उभ्या राहिल्या होत्या. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, त्यात काही जगत नाही. "ज्या पाण्यात मोहरीएवढा जीव ऱ्हात न्हाई," त्या मला म्हणाल्या, "त्या पाण्यात म्या म्हातारी कशी ऱ्हाऊ, सांग की."

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्याकडे आलेल्या कुणालाही विचारा. मी म्हणाले, "मग पाव्हण्यांनाच घेऊन चला की गुलबर्ग्याला, एवढं असेल तर!"

हे मी रागाने म्हटलं होतं. अव्वांनी ते ठराव म्हणून घेतलं.

"चालतंय," त्या म्हणाल्या. "पाव्हणे जितके दिस जगतील तितके दिस ऱ्हाते. ते मेले की मला गाडीत बसवायचं. डोळा झाला असू दे, न्हाईतर नसू दे."

अशा रीतीने एका बाईचा डोळा एकवीस गोगलगायींवर येऊन ठेपला. एकवीस, कारण मी मोजल्या. झिऱ्यातला शेवाळाचा एक दगड उचलून लहान माठात घातला, त्याला चिकटल्या होत्या तेवढ्या घेतल्या. अव्वा शेजारी बसून "मोज, नीट मोज" म्हणत होत्या. दोन कॅन प्यायच्या पाण्याचे भरले. माठाच्या तोंडाला ओलं फडकं बांधलं, आणि आम्ही निघालो.

बिदरला बस बदलली. आमच्या राज्यात बायकांना सरकारी बसचं तिकीट नाही, आधार दाखवायचं आणि बसायचं. कंडक्टरने आमची आधारं पाहिली, मग माझ्या मांडीवरचा फडकं बांधलेला माठ पाहिला. "येनक्का, इदराग येन अद?" यात काय आहे, असं तो मला विचारत होता.

मी काही बोलायच्या आत अव्वा म्हणाल्या, "पाव्हणे."

"किती?" त्यानेही मराठीत विचारलं.

"एकवीस."

त्याने सीटखाली वाकून पाहिलं. मागचं सीटही पाहिलं. "मंग तिकीट?"

"समद्या बायाच हायेत," अव्वा म्हणाल्या.

कंडक्टर शहाणा होता. "मंग आधार दावा," म्हणाला. मी फडकं थोडं उचलून त्याला आतलं दाखवलं. त्याने बराच वेळ पाहिलं आणि कानाला हात लावला. कन्नडात गोगलगायीला बसवाचा, म्हणजे नंदीचा, किडा म्हणतात, डोक्यावर दोन शिंगं असतात म्हणून, आणि हा गडी आमच्यासारखाच बसवाला मानणारा निघाला. हुमनाबादपर्यंत तो प्रत्येक गतिरोधकाच्या आधी ड्रायव्हरला ओरडून सांगत होता, सावकाश घे म्हणून. एवढी काळजी मी गरोदर असतानाही कुणी घेतली नव्हती.

हुमनाबादला बस थांबली. हे खाली उतरले, धुळीने माखलेले होते, आणि हातातल्या कॅनचं झाकण फिरवून तोंड धुवायला वाकले. गोधडीला आत बोलावणारी माझी सासू बसच्या खिडकीतून नुसत्या झाकणाच्या आवाजावर ओरडली, "ए, ते पाव्हण्यांचं पाणी हाय!" ढाब्यावरचे लॉरीवालेसुद्धा वळून बघायला लागले. ह्यांनी तोंड तसंच रुमालाने पुसलं.

गुलबर्ग्यात माठ स्वयंपाकघराच्या थंड कोपऱ्यात ठेवला. रोज सकाळी उठल्याबरोबर अव्वांचा पहिला प्रश्न, "पाव्हणे काय करायलेत?" मी झाकण उघडून बघायची आणि सांगायची. एक काठावर चढलीय, तीन दगडाखाली आहेत, एक उगीच फिरतेय. मग त्या स्वतः वाकून पाहायच्या. त्यांना धुरकट पाण्यात नुसते काळे ठिपके दिसत असणार, पण समाधान व्हायचं. हात घालत नव्हत्या. घरी आलेल्या पाव्हण्याला चाचपायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. एवढं झालं की मग चहा, मग साखरेची गोळी. साखर उतरत होती. ऑपरेशनचा दिवस ठरला. पाचव्या दिवसापर्यंत सगळं इतकं सुरळीत चाललं, की मी ह्यांना म्हटलंसुद्धा, तुम्ही उगीच राईचा पर्वत करत होतात. ते म्हणाले, "पर्वत कुणी केला? माठ तुझ्या मांडीवर होता."

सहाव्या दिवशी नळ आला.

ज्यांच्याकडे नळ रोज येतो त्यांना हे वाक्य कळणार नाही. आमच्या कॉलनीत तो चार-पाच दिवसांनी येतो, येतो तेव्हा न सांगता येतो, आणि आला की बाईच्या अंगात येतं. बादल्या, पातेली, कुकर, डबे, तोंड असलेली प्रत्येक वस्तू भरायची. मागे एकदा मी देवाची घंटा उलटी धरून भरली होती. हात आपोआप चालतात, डोकं त्यात नसतं. त्या सकाळी पाण्याचा जोर गेला, मी पदराने तोंड पुसलं, आणि माझ्या लक्षात आलं, की मी माठही भरला आहे. काठोकाठ. आणि त्या दिवशी पाण्याला दवाखान्यासारखा वास येत होता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. माठातलं सगळं पाणी ओतून दिलं, कॅनमधलं घातलं, देवापुढे दिवा लावला. दुपारपर्यंत सगळ्या गोगलगायी तळाशी पडल्या होत्या, दारं लावून. संध्याकाळी तशाच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अव्वांच्या आधी उठून, चष्मा लावून, नाक पाण्याला लागेपर्यंत वाकून पाहिलं. एकही हलत नव्हती. मी चमच्याने एकेक काढून कागदाच्या पुडीत ठेवल्या आणि पुडी देवघरात लपवली. मोजल्या तर वीसच भरल्या. एक कुठेतरी विरघळली असेल, असं मी ठरवून टाकलं. ऑपरेशनला तीन दिवस होते.

हे म्हणाले, "खरं सांगून टाक तिला."

"आणि ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली की तुम्ही अडवणार?"

अव्वांना आजवर कुणी अडवलेलं नाही.

मी मसाल्याचा डबा उघडला. आधी तीळ घेतले, ते पांढरे. कांद्याचं काळं बी घेतलं, त्याला टोकं. सब्जा घातला, तर पाच मिनिटांत तो फुगून बेडकाच्या अंड्यांसारखा झाला आणि तो उपसण्यात माझा अर्धा तास गेला. शेवटी मोहरी. मोहरी जरा वेळ तरंगली आणि मग शहाण्या मुलीसारखी तळाशी जाऊन बसली. एकवीस दाणे मी मोजून टाकले. फसवायचं तर हिशोबात फसवावं.

"पाव्हणे काय करायलेत?"

"बसलेत, अव्वा."

त्या वाकल्या. माझ्या पाचावर धारण बसली. "लई गप हायेत आज."

"ऊन किती आहे बाहेर. माणसंही गप्पच आहेत."

"आन गोल-गोल दिसायलेत."

"गुलबर्ग्याचं हवापाणी मानवलंय. अंग धरलंय जरा."

अव्वा हसल्या आणि चहा मागितला. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात, ते मी त्या दिवशी स्वतःच्या पोटाला हात लावून तपासलं.

थाप एकदा मारली की तिला रोज जेवू घालावं लागतं. मी मोहरीच्या बातम्या द्यायला लागले. आज दोघींचं भांडण झालं. एक दगडावर चढून उतरायला विसरली. ती मोठी आहे ना, ती बाकीच्यांना शिस्त लावते. मला त्याची गोडी लागली, हे कबूल करते. अव्वा पलंगावर बसून लहान मुलीसारख्या ऐकायच्या. पण मोहरीलाही तिचं म्हणणं होतं. रात्रभर पाण्यात बसली की दाण्याला सकाळी पांढरी शेपटी फुटायची, म्हणून रोज पहाटे जुनी मोहरी काढून नवी घालायची, असा नेम मी लावून घेतला. त्या दिवसांत आमच्याकडे फोडणी फिकी होत होती.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी त्यांचे पाय दाबत होते. त्या म्हणाल्या, "तुला ठाव हाय का पोरी, आपण पाव्हण्यांना कामून बघतो?"

"रीत आहे म्हणून."

"रीत न्हाई, राखण हाय ती. तू इकडं व्हतीस तवा. वरच्या रानात सोयाबीन लावलं, फवारणी लई केली. पयल्या पावसात ते समदं पाणी झिऱ्यात उतरलं. पाणी तसंच दिसायचं. वास न्हाई, रंग न्हाई. पर पाव्हणे दिसंनात. पाव्हणे परत दिसूस्तवर मी झिऱ्यावर दोन म्हैने आडवी बसले, कुणाला भांडं बुडवू दिलं न्हाई. गाव मला येडी म्हनालं. मंग पलीकडच्या डबक्यातलं पिऊन एक म्हैस मेली, तवा गप झालं." त्यांनी पाय जवळ घेतले. "ते हायेत म्हनून मी डोळं झाकून पाणी पिते."

मी तोंड फिरवलं. गेले तीन दिवस ही बाई माझ्या मोहरीच्या भरवशावर पाणी पीत होती. पाणी कॅनमधलं होतं, चांगलंच होतं, पण त्याने काही फरक पडत नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, आणि तरी मी बोलले नाही. एक दिवस, फक्त एक दिवस, असं मनाशी म्हणत राहिले.

ऑपरेशन झालं. अव्वांनी टेबलावर पडल्यापडल्या डॉक्टरांना, तुमच्याकडं पाणी कुठलं येतं, असं विचारलं, आणि उत्तर आवडलं नाही म्हणून पाणी घ्यायचं नाकारलं. एवढं सोडलं तर सगळं ठीक झालं. त्या रात्री दवाखान्यात मी थांबले, हेही थांबले. दुसऱ्या दिवशीही डॉक्टरांनी ठेवून घेतलं, कारण साखर पुन्हा वर गेली होती. कुणीतरी त्यांना प्रसादाचा पेढा दिला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. अव्वांनी डोळा उघडला, मिचकावला, आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "किती वाळलास रे. हिच्या हातचं मानवंना व्हय?" मला एवढा आनंद झाला, की मला रागही आला नाही.

डोळा वाचला होता. रिक्षात बसल्यावर हवेत हात हलवून त्या दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत होत्या, कन्नड आणि मराठी दोन्ही, आणि रिक्षा फाटकाशी थांबेपर्यंत मी नुसती हसत होते. मग मला मोहरी आठवली. दोन दिवस पहाटे मी घरी नव्हते.

मी कुलूप उघडायला मुद्दाम वेळ लावला, पण अव्वा माझ्यापुढून आत गेल्या. काळा चष्मा डोक्यावर ढकलला, माठावरचं झाकण काढलं. मी दारातच उभी. मोहरी वर तरंगत होती, तिला शेपट्या फुटल्या होत्या, आणि शेपट्यांच्या टोकाला, एकेका दाण्याला दोन-दोन, छान फिकी हिरवी पानं.

अव्वांनी पुष्कळ वेळ पाहिलं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "ह्या पाव्हण्यांना पानं कवा फुटली?"

मी तिथल्या तिथे खाली बसले आणि रडत रडत सगळं सांगितलं. नळ आला ते, माठ भरला ते, पुडी देवघरात आहे ते, सब्जासुद्धा सांगितला. "मला वाटलं तुमचा डोळा जाईल," मी म्हणाले. "तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता ना? म्हणून केलं. पण राखण राखण म्हणून तुम्ही मोहरीकडे बघत होतात आणि मी बघू दिलं, ते चुकलं माझं. मला माफ करा." हे भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी मला पाणी आणून दिलं. कोणतं पाणी ते बघायचंही मला सुचलं नाही.

अव्वांचं लक्ष अजून माठातच होतं. मग त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "आन ही कोण?"

मी डोळे पुसून पाहिलं. मला काही दिसेना.

"चष्मा लाव."

मी चष्मा लावला. मोहरीच्या एका पानाखाली, माठाच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या जरा वर एक मोहरी चालत होती. तिला दोन शिंगं होती. एकविसावी. दगडाच्या खालच्या बाजूला कुठेतरी दार लावून बसली असणार, आणि मी, दोन धडधाकट डोळ्यांची आणि वर चष्म्याची, तिला विरघळवून मोकळी झाले होते.

"ऑपरेशन कुणाचं करायचं व्हतं आन कुणाचं केलं!" अव्वा म्हणाल्या, आणि मग त्या जे हसायला लागल्या, की डॉक्टरांनी हसू नका असं बजावलंय ते आम्हाला त्यांना दोनदा सांगावं लागलं.

त्या राहिल्या. शब्द म्हणजे शब्द. पाव्हणे जितके दिस जगतील तितके दिस, आणि एक होता. आठवडाभर थेंब घातले, मी वेळ चुकवली नाही. गोगलगायीच्या बातम्या आता अव्वा मला द्यायच्या, आणि मी चष्मा लावून त्या खऱ्या आहेत का ते पाहायची. मोहरी त्यांनी टाकू दिली नाही. "चार दिस पाव्हणे व्हते बिचारे," म्हणून तिला गॅलरीतल्या कुंडीत लावली. आता तिला पिवळी फुलं आली आहेत.

मग पाव्हण्याला पोचवायचं राहिलं. जिच्या घागरीतून आला तिने, आणि तोवर उपाशी. गावची घागर असती तर पाच मिनिटांचं काम होतं. गुलबर्ग्याहून ते एक दिवसाचं झालं. पहाटे चहासुद्धा न घेता मी माठ मांडीवर घेऊन बसमध्ये अव्वांशेजारी बसले, पुडी पदराला बांधलेली. हुमनाबादला हे भजी खात होते आणि मला दाखवत नव्हते, एवढे त्यांचे उपकार. बिदर, मग संतपूर, मग पुढे पायी. झिऱ्याशी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि माझ्या पोटात कावळ्यांची यात्रा भरली होती.

आधी मी पुडीतल्या वीस जणी सोडल्या. त्या तळाला गेल्या आणि हलल्या नाहीत. मग माठातली एकविसावी बोटाच्या टोकावर घेतली. अव्वांनी माझं बोट धरून डोळ्याजवळ नेलं, नव्या डोळ्याजवळ, आणि बराच वेळ पाहिलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "ही हाय."

मी हात पाण्यात बुडवला. ती दार उघडून बोटावरून उतरली, खडकाला लागली आणि आपल्या वाटेने निघाली. तिथे तिच्यासारख्या पुष्कळ होत्या. पाच पावलं गेल्यावर कोणती ती मला सांगता आलं नसतं. अव्वांनी बोट दाखवून सांगितलं.

"पयल्या दिवशी तू सोडलंस," त्या मग सहज म्हणाल्या, "ते काजळ व्हतं."

मी त्यांच्याकडे वळले. "तुम्हाला दिसलं होतं?"

"तवा माझे डोळे चांगले व्हते की."

"मग हो कशाला म्हणालात?"

अव्वांनी कमरेची पिशवी सोडली. आत फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी होती आणि शेंगाची चटणी. गुलबर्ग्यातून निघताना कधी करून घेतली होती, मला कळलं नव्हतं. "भुकेली व्हतीस," त्या म्हणाल्या, आणि भाकरी मोडून पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.